समुद्राचे घड्याळ

[मुंबईच्या किनाऱ्यावरून रोज लक्षावधी माणसे ये-जा करतात, परंतु त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या इतर जीवांशी त्यांची ओळख सहसा होत नाही. गिरगावपासून शिवडीपर्यंत एका दांपत्याने एका दिवसात केलेल्या प्रवासाची हकीकत या पाठात आली आहे.]

माझे बालपण लालबागच्या एका चाळीत गेले. वडील कापडगिरणीत कामाला होते. घरात भिंतीवर एक घड्याळ होते. पण त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नसे. गिरणीचा भोंगा वाजला की सारी चाळ जागी होई, भोंगा वाजला की पाळी बदले, आणि भोंग्याच्या अंदाजानेच आई शेगडीवर तवा ठेवी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी-कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांचे भोंगेही मुके झाले.

लहानपणी मी एकदा वडिलांना विचारले होते, "बाबा, शिवडीच्या पलीकडे काय आहे?"

"काही नाही रे. नुसता चिखल!" ते म्हणाले होते.

शिवडी आमच्या चाळीपासून कितीशी दूर! तरीही ते उत्तर पुरेसे मानून मी कित्येक वर्षे तिकडे फिरकलोच नाही.

माझी पत्नी मात्र वरळीच्या कोळीवाड्यातली. तिच्या माहेरी भोंग्याला कोणी विचारीत नसे. तेथे समुद्राचे घड्याळ चाले. होड्या केव्हा लोटायच्या, कालवे काढायला खडकावर केव्हा जायचे, हे सारे भरती-ओहोटीवर ठरे. त्या घड्याळाला काटे नाहीत. पण ते कसे वाचायचे याची एक जुनी रीत आपल्या किनाऱ्यावरील लोकांना ठाऊक आहे. पत्नीने ती वडिलांकडून शिकून घेतली होती. रीत अगदी सोपी आहे : आजची तिथी कितवी ते पाहावे आणि तिची पाऊणपट करावी, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड वाजता, तृतीयेला सव्वादोन वाजता, तर चतुर्थीला तीन वाजता. भरतीनंतर सहा तासांहून थोड्या अधिक काळाने पूर्ण ओहोटी येते आणि तितक्याच काळाने पुन्हा भरती.

हे असे का होते? भरती-ओहोटी घडते ती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तेवढ्यात चंद्रही आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला रोज सुमारे पन्नास मिनिटे अधिक लागतात. म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा येते. तिथी हे चंद्राचेच माप असल्यामुळे कोळ्यांचा हा हिशेब जवळजवळ अचूक ठरतो.

एके दिवशी पत्नी मला म्हणाली, "अहो, इतकी वर्षे आपण या शहरात काढली, पण किनारा असा कधी एका दमात पाहिला नाही. येत्या माघ वद्य प्रतिपदेला जाऊ या. कालच पौर्णिमा झालेली असेल. उधाणाचे दिवस. पाणी खूप मागे जाईल आणि खूप वरही येईल."

"कुठे जायचे? काय पाहायचे?" मी विचारले.

"शेजारी पाहायचे," ती हसून म्हणाली.

अशा रीतीने आमचा प्रवास ठरला. वाहन आमची जुनी स्कूटर. गिरगावच्या किनाऱ्यापासून वरळीकडे जाणाऱ्या नव्या सागरी मार्गाचा पहिला भाग २०२४ साली वाहतुकीस खुला झाला. परंतु त्यावर दुचाकींना मज्जाव आहे. आम्हांला त्याचे वाईट वाटले नाही. ज्याला शेजाऱ्यांना भेटायचे आहे त्याने जुन्या वाटेने, थांबत थांबत जावे हेच बरे.

प्रतिपदेच्या पहाटे पावणेसहाला आम्ही लालबागहून निघालो. पाऊण वाजता भरती, म्हणजे त्याआधीची ओहोटी साडेसहाच्या सुमारास. वाटेत गिरगावातील खेतवाडी लागली. गल्ल्या अजून झोपेत होत्या. याच खेतवाडीत एका अनाथ मुलाचे बालपण मामा-मामींच्या घरी गेले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली. त्यांचा जन्म १८९६ सालचा. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हा मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. १८८३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत त्यांना नुसते उत्तरच मिळाले नाही, तर पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांनी भरलेली कपाटेच्या कपाटे पाहावयास मिळाली. आणि एका लहानशा प्रश्नातून एका आयुष्याची दिशा ठरली. गिरगावच्या गल्लीत राहूनही निसर्गाचा अभ्यास करता येतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

गिरगाव चौपाटीवर पोहोचलो तेव्हा मलबार हिलच्या माथ्यावर पूर्ण चंद्र मावळतीला टेकला होता. पाणी दूर मागे गेले होते. ओली वाळू काचेसारखी चमकत होती. उजाडू लागले तशी त्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची सुबक नक्षी दिसू लागली. जणू कोणी रात्रभर बसून रांगोळी घातली होती! पत्नीने मला खाली बसायला सांगितले. आम्ही न हलता बसून राहिलो. थोड्याच वेळात एका बारीक छिद्रातून नखाएवढा एक खेकडा बाहेर आला. तो वाळू तोंडाशी नेई, तिच्यातील सूक्ष्म अन्न वेगळे काढून घेई आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकी. असे शेकडो खेकडे कामाला लागले होते. त्यांची पाळी ओहोटीबरोबर सुरू होते आणि भरतीबरोबर संपते. मला एकदम गिरणीच्या फाटकाची आठवण झाली.

थोडे पुढे एक सुंदर शंख पडला होता. मी तो उचलून खिशात टाकणार, तोच पत्नीने माझा हात धरला. "थांबा! आधी घरात कोणी आहे का ते पाहा." मी शंख तळहातावर ठेवला. क्षणभराने त्यातून दोन बारीक डोळे आणि चिमुकल्या नांग्या बाहेर आल्या. तो संन्यासी खेकडा होता. याचे मागचे अंग मऊ असते; त्याच्या रक्षणासाठी तो मेलेल्या गोगलगाईचा शंख घर म्हणून वापरतो आणि स्वतः वाढला की अधिक मोठे घर शोधतो. मी खिशात टाकीत होतो ती शोभेची वस्तू नव्हती. ते कोणाचे तरी बिऱ्हाड होते. मी शंख जिथल्या तिथे ठेवला.

याच वाळूत पाकट नावाचा चपटा मासाही वावरतो. त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतो. २०१३ सालच्या गणेशविसर्जनाच्या वेळी येथे अनेक भाविकांना पाकटांनी दंश केला आणि शहरात मोठी खळबळ उडाली. पाकट मुद्दाम हल्ला करीत नाही. वाळूत अंग पुरून तो पडलेला असतो आणि अंगावर पाय पडला तरच काटा मारतो. पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत नेले, तर त्याला चाहूल लागते आणि तो आपण होऊन दूर निघून जातो. शेजाऱ्याची रीत ठाऊक असली म्हणजे भांडणाचे कारण राहत नाही.

सात वाजून गेले होते. "चला, पाणी वळले," पत्नी म्हणाली. पेडर रोडने आम्ही हाजी अलीला आलो. तेथील समुद्रातील दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. म्हणून तेथे येणाऱ्या प्रत्येक भाविकाला, तो कोठूनही आलेला असो, समुद्राच्या घड्याळाप्रमाणेच वागावे लागते. आम्ही मात्र दर्ग्याच्या वाटेने न जाता बाजूच्या खडकांकडे वळलो. शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून एकमेकांचा हात धरून जपून चाललो होतो.

दुरून काळा, ओबडधोबड वाटणारा तो खडक जवळून पाहिला आणि मी चकित झालो. प्रत्येक खळग्यात समुद्राने जाताना थोडे पाणी ठेवले होते आणि त्या पाण्यात एकेक लहानसे गाव वसलेले होते. हिरव्या बटणांसारखे दिसणारे मऊ जीव दाटीने खडकाला चिकटले होते. समुद्रफूल आपल्या पाकळ्या हळूहळू हलवीत होते. नाव फुलाचे असले तरी तो शिकारी प्राणी आहे. त्या पाकळ्यांचा स्पर्श झालेला बारीक जीव बधिर होऊन त्याच्या तोंडात जातो. एका कपारीला कालवे चिकटली होती. आणि एका जागी, पाण्याच्या तळाशी, पिवळसर तपकिरी रंगाचा एक खडबडीत गोळा होता.

"हे प्रवाळ," पत्नी हळूच म्हणाली. "हात लावू नका."

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. असंख्य इवलेसे प्राणी शेजारी शेजारी राहून चुन्याची घरे बांधतात; त्या वसाहतीला आपण प्रवाळ म्हणतो. प्रवाळ पाहायला अंदमानला किंवा लक्षद्वीपला जावे लागते अशी माझी समजूत होती. ते मुंबईत, बसगाड्यांच्या आवाजात, पेडर रोडच्या पायथ्याशी आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले! आपल्या देशात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार आहे. म्हणूनच सागरी मार्गाचे बांधकाम चालू असताना, २०२० साली, वरळी व हाजी अली येथील १८ प्रवाळवसाहती कामाच्या जागेतून काढून दुसरीकडे नेऊन लावण्यात आल्या. परंतु खडकावर प्रवाळ आहे हे आधी कोणाला तरी ठाऊक असावे लागते. २०१७ साली काही हौशी नागरिकांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू केला. ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन तेथील जीव दाखवायचे आणि त्यांची नोंद करायची, हे त्यांचे काम. नोंद झाली म्हणजे 'येथे काही नाही' असे कोणाला म्हणता येत नाही.

पाहता पाहता खळग्यांत बाहेरचे पाणी शिरू लागले. समुद्र आपली गावे परत घ्यायला आला होता. एक राखी समुद्रबगळा तेवढा शेवटच्या खडकावर मासा टिपण्यासाठी ताटकळत उभा राहिला. आम्ही मात्र माघारी फिरलो. कारण भरतीच्या वेळी खडकावर रेंगाळणे जिवावर बेतते.

वरळीच्या कोळीवाड्यात पत्नीच्या भावाकडे आमचे जेवण होते. पाऊण वाजता आम्ही त्याच्या अंगणातून पाहत होतो. पाणी काठोकाठ भरले होते आणि सकाळी चिखलात कलंडलेल्या होड्या ताठ उभ्या राहून डुलत होत्या. सासऱ्यांची रीत खरी ठरली.

"भावोजी, पूल चांगला झाला," मेव्हणा समोर बोट दाखवीत म्हणाला. "गाड्या भरधाव जातात. पण आमची होडी त्याच्या खांबांमधून जाते. वाऱ्याच्या दिवसांत होडी सरळ रेषेत चालत नाही, हे कागदावर रेघ मारणाऱ्याला कसे कळावे?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पुलाच्या आराखड्यात होड्यांच्या वाटेवरील दोन खांबांमध्ये साठ मीटरचे अंतर ठरले होते. ते अपुरे आहे, असे येथील मच्छीमारांनी लावून धरले. शेवटी त्यांची मागणी काही अंशी मान्य झाली आणि ते अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. ज्याला जागेची माहिती आहे, त्याने वेळीच बोलले पाहिजे आणि इतरांनी ते ऐकले पाहिजे, हा धडा मी त्या अंगणात शिकलो.

दुपारी अडीचला निघून आम्ही दादरच्या किनाऱ्यावर आलो. पाणी अजून वर होते. वाळूची चिंचोळी पट्टीच काय ती उघडी होती. लाटांवर पांढरे कुरव पक्षी बसून हेलकावे घेत होते. हिवाळा घालवायला ते उत्तरेकडून येतात आणि उन्हाळा लागताच परततात. तेथून शिवाजी पार्कला वळसा घालून, परळमार्गे, आम्ही पुन्हा लालबागला आलो. ज्या फाटकांतून वडिलांची पाळी सुटे, तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत. पूर्वेकडे जाणाऱ्या त्या परिचित रस्त्याने मी स्कूटर वळविली. माझ्या मनात वडिलांचे शब्द घुमत होते : 'नुसता चिखल!'

चार वाजता आम्ही शिवडीच्या धक्क्यावर उभे होतो.

भरती ओसरून तीन तास झाले होते. खाडीचे पाणी मागे सरकत होते आणि त्याच्यामागोमाग चिखलाचे विस्तीर्ण मैदान उघडे पडत होते. पण ते नुसते चिखलाचे नव्हते. काठापासून दूर पाण्याच्या रेषेपर्यंत गुलाबी पक्ष्यांचे थवेच्या थवे पसरले होते. ते रोहित पक्षी होते. त्यांना अग्निपंख असेही म्हणतात. हजारो उंच पाय एका लयीत पुढे पडत होते आणि हजारो माना खाली वाकल्या होत्या. मधूनच एखादा पंख उघडे आणि त्याखालचा लाल रंग ज्वाळेसारखा चमकून जाई.

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

रोहित पक्ष्याची खाण्याची तऱ्हा मोठी गमतीची आहे. तो मान वाकवून चोच उलटी करतो. जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर सोडतो. चोचीच्या कडांना असलेल्या बारीक जाळीत अन्न अडकून राहते. आपण चहा गाळतो तसाच हा प्रकार, फरक एवढाच की त्याला हवे असते ते गाळणीतले! येथे दोन जातींचे रोहित येतात. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो. मोठ्या रोहिताला बारीक कोळंबीसारखे जीव, किडे व शिंपल्यांतील प्राणीही चालतात. त्यांचा गुलाबी रंग याच अन्नातून येतो; पिल्ले जन्मतात तेव्हा करड्या रंगाची असतात. गुजरातमधील कच्छच्या रणात ते घरटी करतात आणि हिवाळ्याच्या सुमारास हजारोंच्या संख्येने मुंबईच्या खाडीत उतरतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून शिवडी त्यांच्यासाठी प्रसिद्ध झाली. म्हणजे वडिलांनी पाहिला तेव्हा तो चिखल गुलाबी नसेलही. परंतु तो रिकामाही नव्हता.

"खाली पाहा," पत्नी म्हणाली. अगदी धक्क्याच्या पायथ्याशी बोटभर लांबीचे मासे चिखलावर चक्क चालत होते! ते निवटे. पुढच्या परांचा पायांसारखा उपयोग करून ते पाण्याबाहेर फिरतात. त्वचा ओली असेपर्यंत त्यांना हवेत श्वास घेता येतो. त्यांच्याजवळून चिखल्या आणि तुतवार हे छोटे पक्षी तुरुतुरु धावत किडे टिपीत होते. मुठीत मावेल असा हा चिखल्या. पण त्याची एक जात हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर घरटी करते आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येते. काठावर तिवरांची झाडे श्वास घेण्यासाठी मुळे वर काढून उभी होती. नद्यांनी व खाडीने आणलेला गाळ, त्यावर पडणारे ऊन आणि दिवसातून दोनदा येणारे पाणी, या तिघांनी मिळून हे कोठार भरलेले आहे. भरती आली की कोठाराचे दार मिटते, ओहोटी आली की उघडते. कच्छहून आणि हिमालयापलीकडून येणारे हे पाहुणे त्या दाराच्या वेळा पाळतात.

आमच्या उजव्या हाताला अटल सेतू समुद्रात दूरवर गेलेला दिसत होता. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा हा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. पक्ष्यांना त्रास कमी व्हावा म्हणून त्याच्या काही भागाला आवाज अडविणारे पडदे लावले आहेत. त्या पुलावरून मीही गेलो आहे आणि माझा वेळ वाचला आहे, हे मी नाकारणार नाही. मुंबई मुळात सात बेटांची. मधल्या खाड्या आणि दलदली बुजवून ती एक झाली. मरीन ड्राइव्हही समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवरच आहे. तेव्हा 'माणसाने काही बांधूच नये' असे मुंबईकराने म्हणणे शोभणार नाही. पण एक गोष्ट मला त्या संध्याकाळी स्पष्ट दिसली. ज्या जागेला आपण 'रिकामी' म्हणतो, ती भरून टाकताना आपला हात कचरत नाही. 'तेथे काय आहे? नुसता चिखल, नुसता खडक!' असे एकदा म्हटले की पुढचे सारे सोपे होते.

ठाणे खाडीच्या उत्तरेकडील भागाला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले आणि २०२२ साली त्या पाणथळीची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत नोंद झाली. शिवडीचा चिखल त्या अभयारण्यात येत नाही. पण पक्ष्यांना आपल्या रेषा कोठे ठाऊक असतात? ते एका चिखलावरून दुसऱ्या चिखलावर जातात. मे २०२४ मध्ये एका रात्री घाटकोपरच्या आकाशात विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित पक्षी मरण पावले. आकाश, पाणी आणि चिखल या तिन्ही ठिकाणी आपली व त्यांची वाट एकच आहे. ती दोघांना पुरावी, यासाठी विचार आपल्यालाच करावा लागेल. कारण नकाशे आपण काढतो, ते नाही.

सूर्य शहराच्या मागे गेला. पाणी अगदी दूर गेले आणि पाण्याबरोबर ते गुलाबी थवेही लांब लांब जात अंधूक झाले. आम्ही घरी परतलो.

चाळीच्या जिन्यात शेजारचा मुलगा भेटला. आमचे चिखलाने भरलेले पाय पाहून त्याने विचारले, "काका, कुठे गेला होता?"

"शिवडीला."

"तिकडे काय आहे?"

हाच प्रश्न मी एकदा विचारला होता. मी पत्नीकडे पाहिले. ती हिशेब करून म्हणाली, "उद्या द्वितीया. दीड वाजता भरती. शाळा सुटल्यावर पाच वाजता तयार राहा, बाळ. तुझे तूच येऊन पाहा."

शब्दार्थ

पाळी – कामाची ठरलेली वेळ. पाऊणपट – चार भागांपैकी तीन भाग. उधाण – अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती. मज्जाव – मनाई. बिऱ्हाड – राहण्याचे घर, संसार. कालव – खडकाला चिकटून राहणारा शिंपल्यातील प्राणी. खळगा – खोलगट जागा. पाणथळ – पाणी साचून राहणारी जमीन. कोठार – धान्य साठविण्याची जागा. हात कचरणे – एखादी गोष्ट करताना मन मागे-पुढे होणे.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) लेखकाच्या घरी घड्याळाकडे कोणी फारसे का पाहत नसे?
(आ) वाळूवरील गोळ्यांची नक्षी कशी तयार होते?
(इ) पाण्यात चालताना पाय घासत न्यावेत, असे लेखक का सांगतो?
(ई) रोहित पक्षी आपले अन्न कसे मिळवितो?

२. तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची रीत आपल्या शब्दांत सांगा. षष्ठीला व अष्टमीला पूर्ण भरती किती वाजता येईल?

३. 'नोंद झाली म्हणजे येथे काही नाही असे कोणाला म्हणता येत नाही.' प्रवाळ आणि होड्यांची वाट या दोन उदाहरणांच्या आधारे या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

४. वडिलांनी लेखकाला दिलेले उत्तर व पत्नीने शेजारच्या मुलाला दिलेले उत्तर यांतील फरक कोणता?

५. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : चकित होणे, जिवावर बेतणे, ताटकळत उभे राहणे, लावून धरणे.

६. 'थवेच्या थवे', 'कपाटेच्या कपाटे' यांसारखे आणखी चार शब्दप्रयोग लिहा.

७. उपक्रम : आपल्या घराजवळच्या एखाद्या 'रिकाम्या' जागेचे वडीलधाऱ्या माणसाबरोबर आठवडाभर निरीक्षण करा. तेथे दिसणाऱ्या प्राण्यांची, पक्ष्यांची व वनस्पतींची नोंद वहीत तारीख-वारासह करा.